उत्तमराव घोड्यावर बसत नसत

माझ्या घोडीने मला पाहून आजवर एकदाही हुंकार दिलेला नाही. घोडं आपल्या माणसाला पाहिलं की तोंड न उघडता घशातल्या घशात एक आवाज काढतं, नाकपुड्या थरथरतात, मान जराशी खाली येते. खिंकाळणं वेगळं. खिंकाळते ती माझ्यासाठीही, पण तशी ती हिरव्या घासाच्या भाऱ्यासाठीही खिंकाळते. हुंकार तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि तो माणूस माझ्या हाताखाली नोकरीला होता. हे दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

अहमदपूरच्या बाजूला एका मोठ्या गावात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा उत्तमराव तिथे व्रणोपचारक होते. कागदावर हा शब्द, गावाच्या तोंडी डरेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, मी सुई टोचताना जनावर धरायचं, हे त्यांचं काम. बुटका, सावळा माणूस. पन्नाशी उलटलेली, मिशी अर्धी पांढरी. उन्हाळा असो की पावसाळा, पायात कायम बंद बूट. घोड्याजवळ चप्पल घालून येणाऱ्याला ते दवाखान्याच्या फाटकाच्या आत घेत नसत, मग तो सरपंच का असेना. "तिचा पाय तुमच्या बोटावर पडला तर तुम्ही वरडणार, अन् तुम्ही वरडला की ती बुजणार," एवढं एकच वाक्य बोलून ते वाट अडवून उभे राहत.

गायी-म्हशी, शेळ्या-बैल यांच्यासाठी लोक माझ्याकडे येत. घोडं घेऊन आलेला माणूस मात्र माझ्या खुर्चीच्या पलीकडे बघत विचारायचा, "मामा हायत का?" मामा म्हणजे उत्तमराव. मामा रजेवर आहेत म्हटलं की तो म्हणायचा, "मंग उद्या येतो." आणि लंगडतं घोडं घेऊन खरोखरच परत जायचा. मी पाच वर्षं शिकून, पदवी घेऊन, गळ्यात नळी अडकवून तिथेच बसलेला असायचो.

पहिल्याच महिन्यात वरातीची एक घोडी आली. पुढचा डावा पाय टेकत नव्हती. मी खांदा दाबून पाहिला, गुडघा वाकवून पाहिला, खांदा आखडलाय असं निदान केलं आणि इंजेक्शन लिहायला बसलो. उत्तमराव तिच्या खांद्यापाशी, तिच्याचकडे पाठ करून उभे होते. मग त्यांनी तिच्या पायावरून हात खाली सरकवत नेला, खुरावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. त्यानंतर दुसऱ्या खुरावर ठेवला, कुठलं जास्त गरम लागतंय ते बघत.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तुम्ही म्हणत होता तसं खूर एकदा उघडून बघावं का?"

मी तसं काही म्हणालो नव्हतो. पण घोडीचा मालक ऐकत होता, म्हणून मी "हो, बघा" म्हणालो. त्यांनी पाय उचलून गुडघ्यांत धरला, आकड्याने खुरातली माती काढली, नाक जवळ नेऊन वास घेतला. खुराच्या मऊ गादीत बाभळीचा काटा मोडून बसला होता. आजूबाजूला काळं पाणी सुटलेलं. काटा निघाला तशी घोडीने मान खाली सोडली आणि रिकामंच तोंड चघळायला लागली. मालक माझ्या पाया पडला. उत्तमराव हात धुवायला गेले होते.

चारचौघांत त्यांनी माझी चूक काढली असती तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं. पण तो माणूस प्रत्येक वेळी स्वतःचं शहाणपण माझ्या खिशात घालायचा आणि बाजूला व्हायचा, त्यामुळे रागवायलाही जागा उरत नसे.

त्यांचे वडील शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावी मोठ्या घरात साईस होते, म्हणजे घोडी सांभाळायला. घोड्यांचं सगळं ज्ञान तिथलं. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत सजवलेला घोडा असो की पाटलाच्या लग्नातली घोडी असो, धरायला उत्तमरावच. पण ते स्वतः कधी घोड्यावर बसत नसत. एकदा चहा पिताना मी कारण विचारलं.

"माझ्या बापानं तीस वर्षं घोडी धुतली, चारली. पाण्यावर नेताना सुदीक चालत नेली. बसायची सोय नव्हती त्याला." बशीतला चहा त्यांनी फुंकला. "मला आता कोण अडवून राहिलंय? पण बसलं की घोडं दिसत न्हाई, साहेब. नुसती मान दिसती."

आमच्याही घरी आजोबांच्या वेळी घोडी होती आणि तिला साईस होता. त्याचं नाव मला माहीत नाही. मी विषय बदलला.

त्यांचं घोड्यांशी वागणं मी चोरून बघायचो. शिकायचं म्हणून नव्हे, काय युक्ती आहे ती पकडायची म्हणून. एका लग्नात घोडी जनरेटरच्या गाडीसमोर अडली. नवरदेव वर बसलेला, मागे डीजे, पुढे नाचणारी पोरं. नवऱ्याचा मामा घोडीला मागून काठीने ढोसत होता. उत्तमराव पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी आधी नवरदेवाला खाली उतरवलं, मग डीजे बंद करायला लावला, घोडीला दहा पावलं मागे नेलं आणि तिच्या खांद्याशी उभे राहून खिशातल्या शेंगा सोलायला लागले.

"अहो मामा, मुहूर्त चाललाय," कुणीतरी उत्तमरावांना म्हणालं.

"बघू द्या तिला. नाकाच्या पुढचं घोड्याला दिसत न्हाई, बाजूचं दिसतंय. तिला जरा तिरकं उभं राहून बघू द्या काय हाय ते."

सगळी वरात उभी. घोडी तिरकी होऊन बघत राहिली, एकदा जोरात फुरफुरली, मग मान सोडली. त्यांनी तोंडाच्या दोरीला, मोहरकीला, झटका दिला नाही, नुसते चालायला लागले. ती त्यांच्या मागून गाडीच्या अगदी जवळून निघून गेली. मी लग्नात जेवलोसुद्धा नाही. मी डॉक्टर आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कुणी हाकही मारली नव्हती.

घोडी घ्यायची हौस माझी लहानपणापासूनची. त्या वर्षी माळेगावच्या जत्रेला मी उत्तमरावांना बरोबर नेलं. मला एक पांढराशुभ्र, ढोलावर नाचणारा घोडा आवडला होता. जत्रेत घोडं घेणारे लोक आधी अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतात. कपाळावरचा चांगला, पाठीवरचा वाईट, असं त्याचं सगळं शास्त्र असतं. उत्तमराव भोवऱ्यांच्या नादाला लागले नाहीत. ते सकाळपासून पाण्याच्या हौदापाशी उकिडवे बसून राहिले. कोणतं घोडं कसं पाणी पितं, शेजारच्याला कसं वागवतं, मालकाचा हात वर गेला की कसं दचकतं, एवढंच बघत होते.

दुपारी येऊन म्हणाले, "नाचरा नका घेऊ. मार खाऊन शिकलाय. ती तांबडी बघा."

तांबड्या घोडीच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा होता. ही खूण सगळ्यांत वाईट. अशी घोडी मालकाला रडवते म्हणतात. सकाळपासून तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.

"भवरा तिच्या चामडीवर हाय. डोक्यात काय न्हाई," उत्तमराव म्हणाले.

मी ती घेतली. नाव ठेवलं शेवंती. गावाच्या कडेला माझा प्लॉट आहे, तिथे पत्र्याची शेड घातली. मी अननुभवी म्हणून पहिले काही दिवस उत्तमराव सकाळ-संध्याकाळ येत. दवाखान्यातून आले की आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगातला सदरा काढून शेडमधल्या खुंटीवरचा जुना खाकी सदरा घालायचे. "आपल्या अंगाला औषधाचा वास येतोय, साहेब. तिला वाटतंय सुई टोचायला आला." मी हे ऐकून घेतलं आणि केलं नाही. डॉक्टरने स्वतःच्या घोडीसाठी कपडे बदलायचे म्हणजे अतीच झालं.

फाटकातून आत येताना ते म्हणायचे, "आलो गं." बास. मागच्या बाजूने जायची वेळ आली तर पुठ्ठ्यावर हात ठेवून, अंगाला अंग घासत जायचे, म्हणजे माणूस कुठे आहे ते तिला कळत राहतं. खरारा करायचे, चारही खुरं उचलून बघायचे, आधी पाणी, मग वैरण, मग दाणा. लीद काढायला त्यांनी गडी लावू दिला नाही. "लीद बघितल्याबिगर तिची तब्येत कशी कळायची?" असं विचारायचे. सगळं झालं की पालथ्या बादलीवर बसून राहायचे, तिच्याकडे न बघता. आणि शेवंती हळूहळू जवळ येऊन त्यांच्या टोपीवर हनुवटी ठेवायची.

मी तिला बघायला गेलो की ती कान मागे करायची. मी एकदा म्हणालो, "रागीट आहे."

"कान मानेला चपटून लागले तर राग. नुसते मागं वळले तर ती मागचं ऐकून राहिली, साहेब." मग म्हणाले, "म्या मागं हाय ना."

महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष गेलं. एका रविवारी लातूरहून माझा मेव्हणा सहकुटुंब आला. मी सगळ्यांना शेडकडे नेलं. शेवंतीची जात, उंची, चाल यांवर मी बोलत होतो आणि ती आमच्याकडे पुठ्ठा करून उभी होती. मी हाक मारली, जिभेने टकटक केलं, गूळ दाखवला. ढिम्म. तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, "आलो गं." ती गर्रकन वळली, नाकपुड्या थरथरल्या, आणि तो हुंकार. बायका-पोरं हसली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, घोडी कुणाची म्हणायची मग?"

पाहुणे गेल्यावर मी उत्तमरावांना सांगितलं, "उद्यापासून तुम्ही शेडकडे येऊ नका. तिचं आता मी बघतो."

ते म्हणाले, "बरं, साहेब. खरारा खुंटीला हाय. उजव्या पुठ्ठ्यावर हळू करा, तिला गुदगुल्या होत्यात."

ते गेले, आणि मी तिला जिंकायला निघालो. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे, वर गूळ. आज एक ओंजळ, उद्या दोन. घोड्याला ओकता येत नाही, आत गेलेलं जड झालं तर ते पोटातच कुजतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. घाम निघालेल्या घोड्याला लगेच दाणा देऊ नये, हे मी लोकांना ओरडून सांगायचो. तरी दहाव्या दिवशी मी तिला लांबवर पळवून आणलं, ती घामाने निथळत होती आणि मी तोबरा काठोकाठ भरून तिच्या तोंडाला बांधला. ती खात होती तोवर तिने मला मानेवर हात ठेवू दिला. तेवढ्या वेळेसाठी मी हे केलं.

दुपारी दोनला ती पोटाकडे वळून वळून बघायला लागली. मग पुढच्या पायाने माती उकरायला लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. मी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. आता नाकातून पोटापर्यंत नळी घालून तेल सोडायला हवं होतं, पण ती मला जवळ येऊ देईना. माझ्या सदऱ्याला स्पिरिटचा वास येत होता. दोन वेळा नळी हातातून उडाली, एकदा लाथ माझ्या कानाजवळून गेली. लातूरहून कुणाला बोलवायचं तर संध्याकाळ झाली असती, तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. बायको दारात उभी होती.

"मामांना फोन करा," ती म्हणाली.

"काही गरज नाही."

"घोडी मरेल."

मी पुन्हा नळी उचलली. तिने फोन केला. दहा मिनिटांत उत्तमराव आले. धावत आले असणार, पण फाटकाशी थांबले, हात धुतले, सदरा बदलला आणि मग म्हणाले, "आलो गं." शेवंतीने त्या अवस्थेतही मान उचलली. त्यांनी तिला उठवलं, तिचं डोकं स्वतःच्या छातीशी घेतलं. "घाला साहेब, आता." मी नळी घातली, ती हलली नाही. उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर दोन तास ते तिला शेडभोवती हळूहळू चालवत होते. जाता जाता एकदा हरभऱ्याच्या उघड्या पिंपाकडे त्यांची नजर गेली. त्यांनी झाकण लावलं आणि पुढे गेले.

ऊन उतरता उतरता तिने लीद टाकली. उत्तमरावांनी ती उचलून ओंजळीत आणून मला दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाचली. साहेबांनी वाचवली बघा, वहिनीबाई," ते बायकोला म्हणाले.

ती जगली याचा मला आनंद झाला, खरंच झाला. पण रात्री जेवताना मला आठवत होतं ते तिचं त्यांच्या छातीवर टेकलेलं डोकं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना येत जा म्हटलं. निवृत्त होईपर्यंत ते येत राहिले. एकदा बादलीवर बसल्या बसल्या म्हणाले, "रागवू नका साहेब. तुम्ही तिच्याकडं कायतरी मागायला जाता. तिला ते कळतंय. कधी बिनकामाचं बसा तिच्याजवळ." मी बसून पाहिलं. पेपर घेऊन अर्धा अर्धा तास बसलो. पण ती जवळ येते का, हे मी पेपराच्या वरून बघत असायचो.

निवृत्त होऊन ते गावी, मुलीकडे गेले. खाकी सदरा खुंटीवरच ठेवला. "ऱ्हाऊ द्या. वासाची सवय हाय तिला." पहिले आठ दिवस तिने वैरण नुसती चिवडली. बंद बुटांचा आवाज आला की कान रस्त्याकडे. आणि मग मी एक गोष्ट केली जी बायकोलाही सांगितलेली नाही. एका सकाळी हात धुतले, तो सदरा अंगात घातला, बटणं पोटावर लागेनात, तसाच फाटकाशी गेलो आणि त्यांच्यासारखा आवाज काढून म्हणालो, "आलो गं."

ती वळली. नाकपुड्या थरथरल्या. आवाज घशापर्यंत आला होता. मग तिने नाक पुढे करून माझ्या गळ्याचा, हनुवटीचा, तोंडाचा वास घेतला, आणि शांतपणे वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी सदरा पुन्हा खुंटीवर ठेवला.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. साखरेने आबांचे डोळे गेले होते, दोन्ही. "आबा शेवंतीचं नाव काढून राहिलेत. एकदा आणाल का, साहेब?" मी हो म्हणालो आणि तीन महिने गेलो नाही. पाऊस आहे, टेम्पो मिळत नाही, पशुगणनेचं काम आहे. कारणं खरी होती, पण मला जायचंच नव्हतं. शेवटी बायकोने टेम्पो ठरवला.

उत्तमराव अंगणात लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. खूप वाळले होते. पायात बंद बूट. टेम्पोच्या फळीवर टापा वाजल्या तसे ते ताठ झाले, पण तोंडातून शब्द काढला नाही. ते का गप्प आहेत ते मला कळलं. मी त्यांना कधीकाळी येऊ नका म्हणालो होतो. ती ओरडत त्यांच्याकडे धावली असती तर मला कसं वाटेल, याचा विचार तो आंधळा माणूस करत होता.

तिला हाकेची गरज पडली नाही. वारा तिकडून येत होता. तिने हुंकार दिला, माझ्या हातातून दोर सुटला आणि ती खुर्चीपाशी जाऊन थांबली.

"आलीस का गं," ते म्हणाले.

त्यांनी तिला हाताने बघितलं. मान, छाती, पाय, खुरं. वाकून एक खूर उचललं, वास घेतला. "खुरं लई चांगली राखलीत, साहेब." इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं बरं मला कुणाच्या शाबासकीने वाटलं नव्हतं. मग तिच्या गालावर बोटं फिरवून म्हणाले, "उजव्या दाढा घासाया झाल्यात पण."

मुलगी चहा घेऊन आली. शेवंतीची हनुवटी त्यांच्या टोपीवर होती. माझ्या आत तेच जुनं काहीतरी उसळलं आणि मी म्हणालो, "बसा आता तिच्यावर."

"म्या बसत न्हाई, साहेब."

"का? बसलं की घोडं दिसत नाही म्हणून ना? आता कुठे दिसतंय तुम्हाला."

हे मी चांगुलपणाने बोललो नाही. टोचायलाच बोललो. मुलीने कप जागीच धरला. उत्तमराव हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले.

"हाव," ते म्हणाले. "ते बी खरंच हाय की."

ते उठले आणि चाचपडत तिच्या डाव्या बाजूला आले. खोगीर नव्हतं. मी खाली वाकून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. त्यांनी बूट काढायला घेतला, मी म्हणालो राहू द्या. त्यांचा पाय माझ्या तळहातांवर आला आणि मी त्यांना वर उचललं. काहीच वजन नव्हतं.

"कुठे नेऊ?" मी विचारलं.

"पाण्यावर न्या."

मी दोर धरून पुढे चालू लागलो. घरं संपली, वाट तळ्याकडे उतरत होती. लोक ओट्यांवर उठून उभे राहत होते. उत्तमराव आयाळीत बोटं घालून ताठ बसले होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, कान कुठं हायत तिचे?"

मी मागे वळून पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, त्यांना दिसत नव्हतं.

"मागे," मी म्हणालो. "तुमच्याकडे."